आतलं कार्ड, बाहेरची पेटी

आमच्या नगररचना कार्यालयाकडे बाहेरून जोडायचं एक ग्राफिक्स कार्ड होतं. बुटांच्या खोक्याएवढी काळी पेटी, आत कार्ड आणि एका बाजूला पंखा. मागच्या वर्षाअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून ती घेतली होती. ती कशाला जोडायची हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला नाही, कारण तोवर निधी संपला होता. यंदा तो प्रश्न उपस्थित झाला आणि पेटीसाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं. पण लॅपटॉपच्या पोटातही एक ग्राफिक्स कार्ड असतंच. तेव्हा बाहेर एक असताना आतलं कुठलं घ्यावं, हे ठरवायला समिती नेमली गेली. मी तिचा सदस्य-सचिव. समितीबद्दल लोक वाटेल ते वाकडंतिकडं बोलतात, म्हणून जे घडलं ते रीतसर सांगून टाकतो.

लॅपटॉप मागितला होता आमच्या आर्किटेक्ट बाईंनी. बाई हुशार, पण घाईच्या. शहरात उड्डाणपूल येऊ घातला होता आणि त्याचा एक खांब एका शाळेच्या फाटकासमोर येत होता. समोर म्हणजे अगदी पुढ्यात. नकाशा वरून बघितल्यासारखा काढतात, त्यामुळे त्यात खांब म्हणजे एक टिंब आणि फाटक म्हणजे एक रेघ. टिंबाला कोण घाबरतो? म्हणून बाईंना मंजुरीच्या सभेत पडद्यावर असं चित्र दाखवायचं होतं की सभासदांना आपण स्वतःच रस्त्यावरून चालत शाळेत शिरतोय असं वाटावं. मग तो खांब त्यांच्या नाकाला लागला असता आणि त्यांनी तो जरा पुढे सरकवला असता. असं चालतं चित्र बनवायला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं.

बाईंची भाची त्याच शाळेत शिकते. ती चाकांच्या खुर्चीवरून ये-जा करते. खांब आणि भिंत यांच्यामधून माणूस अंग चोरून गेला असता, खुर्ची जाणार नव्हती. हे बाईंनी अर्जात लिहिलं नाही ते बरंच केलं. लिहिलं असतं तर वैयक्तिक हितसंबंध म्हणून अर्ज तिथल्या तिथे निकालात निघाला असता.

अर्जात त्यांनी एवढंच लिहिलं होतं, की जड काम पेटीच करणार आहे, त्यामुळे आतलं कार्ड साधं असलं तरी चालेल, फक्त पेटीची वायर बसेल असं पोर्ट लॅपटॉपला असावं. अर्ज इतका छोटा होता की त्यावर कुणाचा विश्वासच बसला नाही.

पहिल्या बैठकीत हिशेबतपासनिसांनी मूळ मुद्द्याला हात घातला. या गृहस्थांना सगळे नियम पाठ आहेत. वाचताना ते चष्मा कपाळावर सारतात.

"पेटी बाह्य आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बाह्य म्हणजे लॅपटॉपच्या बाहेर," बाई म्हणाल्या.

"नियमात लॅपटॉप हा शब्दच नाही. बाह्य उपकरण इमारतीच्या बाहेर बसवावं, असं स्पष्ट आहे. जनरेटर बाहेर असतो. एसीचं मोठं युनिट बाहेर असतं."

"अहो, ही टेबलावर ठेवायची वस्तू आहे!"

"मग तिला टेबल-कार्ड म्हणायला हवं होतं, बाई. शब्द आम्ही नाही निवडला."

पेटी इमारतीबाहेर गेली. एसीच्या युनिटाशेजारी लोखंडी ब्रॅकेट ठोकून तिला बसवलं आणि वर पत्र्याचं छप्पर केलं. वायर आत घेण्यासाठी खिडकी कायमची उघडी राहू लागली, आणि खिडकी उघडी म्हटल्यावर तिच्यापाशी एक सुरक्षारक्षक नेमणं आलंच. पंख्याच्या आडोशाला एका कबुतराने घरटं मांडलं. या सगळ्या प्रकल्पात वेळेवर काम सुरू करणारं ते एकटंच.

दुसरी अडचण भाषेची निघाली. असे लॅपटॉप बाजारात 'गेमिंग लॅपटॉप' या नावाने मिळतात. कार्यालयीन पत्रव्यवहारात परका शब्द नको म्हणून मी त्याचं 'क्रीडा लॅपटॉप' केलं, आणि फाइल आपोआप क्रीडा विभागाकडे गेली. खेळ मैदानी आहे की बैठा, अशी विचारणा तिकडून आली. पेटी बाहेर आणि बाई आत बसणार, म्हणून आम्ही प्रामाणिकपणे 'दोन्ही' असं कळवलं. त्यांनी ना-हरकत दिली, वर एक शिट्टीही मंजूर केली. बाईंनी ती घ्यायला नकार दिला. सही मात्र त्यांना करावी लागली.

आता कार्ड निवडायचं होतं, आणि त्यासाठी तज्ज्ञ हवा होता. आमच्या मोठ्या साहेबांचे जावई तज्ज्ञ निघाले. ते दिवसभर गेम खेळतात आणि साहेबांच्याच घरी राहतात. हिशेबतपासनिसांनी लगेच विचारलं, की तज्ज्ञ अंतर्गत की बाह्य? जावई म्हणजे बाहेरचे, पण घरजावई म्हटल्यावर आतले. यावर अख्खी एक बैठक गेली. शेवटी मान बाह्य तज्ज्ञाचा आणि चहा-नाश्ता अंतर्गत सदस्याचा, असा तोडगा निघाला.

"आतलं कार्ड टॉपचंच घ्या," जावईबापू खुर्चीत रेलून म्हणाले. "उद्या बाहेरचं कमी पडलं तर?"

"आतलं टॉपचं असेल तर मग बाहेरचं कशाला हवं?" बाईंनी विचारलं.

"बाहेरचं आहे म्हणून."

साहेबांनी मान डोलावली. स्वतःच्या जावयाला खोटं पाडून साहेब संध्याकाळी कुठल्या घरी जाणार होते?

त्यानंतर समितीला कार्डाचं वेडच लागलं. ज्यांनी आयुष्यात पत्त्यांपलीकडे खेळ बघितला नव्हता, ते पडद्यावर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, सरकतात यावरून हमरीतुमरीवर येऊ लागले. भांडारपाल एरवी सहीसाठी पेन मागितलं तरी कपाळाला आठ्या घालतो. तो आता मोबाइलवर दोन कार्डांची तुलना उघडून माझ्या टेबलाशी येऊन बसायचा. हिशेबतपासनिसांनी कार्डाचं तापमान या विषयावर स्वतंत्र टिपण लिहिलं. सावलीतही धूर कसा खरा वाटतो आणि पाण्यात ढग कसे दिसतात, याचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी डोकी एकत्र करून पाहिले. बाई दाराशी उभ्या राहून "पोर्टचं बघा हो, पोर्टचं," असं म्हणत असत. त्यांना आम्ही हाताने थांबा अशी खूण करत असू. व्हिडिओ संपत आलेला असे.

"सभा आठवड्यावर आली," एके दिवशी त्या कावून म्हणाल्या. "राहू दे तुमचं कार्ड. माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप आणते. जुना आहे, पण त्याला पेटी जोडता येते. दोन दिवसांत चित्र करून देते."

"यजमान आपल्या कार्यालयात आहेत?" हिशेबतपासनिसांनी विचारलं.

"नाही."

"मग ते बाह्य. आणि बाह्य माणसाचं साहित्य इमारतीच्या बाहेर."

"म्हणजे मी खिडकीबाहेर लोंबकळून चित्र काढू?"

"छपराखाली मावत असाल तर आमची हरकत नाही."

बाई तेव्हा फार मोठ्याने बोलल्या. मी ते इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं नोंदवलं.

अखेर आतलं कार्ड जावईबापूंच्या पसंतीचं, म्हणजे टॉपचं ठरलं. पण हिशेबतपासनिसांनी रास्त हरकत घेतली. एकाच कामासाठी आत एक कार्ड आणि बाहेर एक कार्ड, ही दुहेरी खरेदी झाली. यातून मार्ग मीच काढला आणि त्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली. आतलं कार्ड 'राखीव' समजायचं आणि ते वापरलं जाणार नाही असा दाखला जोडायचा. दाखला खोटा ठरू नये म्हणून लॅपटॉप येताच कार्ड बंद करण्यात आलं आणि त्याचा पासवर्ड हिशेबतपासनिसांच्या कपाटात गेला. बाहेरचं कार्ड निकामी झाल्याचं सिद्ध झालं, तरच तो मिळणार होता.

लॅपटॉप सभेच्या आदल्या दिवशी आला. झाकण उघडताच त्यातून इंद्रधनुष्यासारखे दिवे पेटले आणि सुरक्षारक्षकासह आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी खिडकीतून वायर ओढून घेतली. लॅपटॉप डाव्या बाजूने पाहिला, उजव्या बाजूने पाहिला, पालथा करून पाहिला.

"याला पोर्टच नाही," त्या म्हणाल्या.

जावईबापू म्हणाले, "एवढं कार्ड असल्यावर पोर्ट कोण बघतं?"

"ठीक आहे. मग आतलं कार्ड चालू करून द्या. रात्रभर बसते."

"बाहेरचं निकामी झालंय का?" हिशेबतपासनिसांनी विचारलं.

"ते जोडलंच गेलं नाही, तर निकामी होईल कसं?"

"तेच म्हणतोय मी. ते उत्तम स्थितीत आहे."

उत्तर नसलेल्या गोष्टी आमच्याकडे मंजूर समजतात.

दुसऱ्या दिवशी सभेत बाईंनी कागदाचा नकाशा दोन्ही हातांनी उंच धरला. टिंब कुठे आहे हे त्यांनी बोटाने दाखवलं. "एवढंसं तर आहे!" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला आणि सभागृह हसलं. पूल एकमताने मंजूर झाला. त्याच सभेत अत्याधुनिक लॅपटॉप मिळवल्याबद्दल आमच्या समितीचं अभिनंदनही झालं. ते बाईंनीच वाचून दाखवावं असा साहेबांचा आग्रह होता. त्यांनी वाचलं नाही, हे मला खटकलं.

खांब आता उभा आहे. शाळेने तक्रार केली, तिला आम्ही मुदतीत उत्तर दिलं. फाटकाच्या बाहेर आमची हद्द, आत शाळेची. खांब बाहेर आहे, त्याबद्दल त्याची स्वतःची काही तक्रार नाही. मुलीला आत जायचं आहे, म्हणजे तक्रार अंतर्गत स्वरूपाची, आणि ती शाळेकडे वर्ग करण्यात येत आहे. मसुदा माझाच होता.

त्या भाचीला मी पाहिलं आहे. माझा रोजचा रस्ता तोच. सकाळी शाळेचा शिपाई आणि तिची आई तिला काखेत हात घालून उचलतात, खांबाच्या बाजूने आडवी आत नेतात आणि मग मागून घडी केलेली खुर्ची येते. बाकीची मुलं थांबून बघत असतात. उचललं की ती डोळे घट्ट मिटते आणि खुर्चीत बसवेपर्यंत उघडत नाही. एकदा आर्किटेक्ट बाईही तिथे होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "दिसतंय का नीट? फ्रेम पुरेशा आहेत ना?" बाईंचा स्वभाव पहिल्यापासूनच तिरकस.

ही हकिगत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे च् च् करतात, सरकारी कामाला दोन शिव्या हासडतात. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज जरा खाली आणून विचारतात, "ते जाऊ द्या हो. पण टॉपचं म्हणजे कुठलं कार्ड घेतलं शेवटी?" फाटकाचं पुढे काय होणार, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. म्हणजे समितीने प्रश्नांचा जो क्रम लावला होता, तो जनतेच्या मनातलाच होता, आणि आमच्यावरचे आरोप निराधार ठरतात.

कार्डाचं नाव मी वर मुद्दामच लिहिलेलं नाही. वाचताना ते तुमच्याही मनात येऊन गेलं असेल, तर संकोच करू नका, कार्यालयात येऊन भेटा. जावईबापू वेगळं बिऱ्हाड करून पूर्णपणे बाह्य झाल्यापासून समितीत एक जागा रिकामी आहे.