इकडचे चौगुलेअण्णा

“इकडचेच ना तुम्ही?”

बंगळुरातल्या नव्या घरी सामान चढवत होतो, त्या दिवशी लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मला हा प्रश्न विचारला. वय साठीच्या बरंच पुढचं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली लुंगी, आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीतलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं सांभाळून धरलेलं.

“नाही, आम्ही पुण्याचे,” मी म्हणालो.

“पुणं सगळीकडंच असतंय ओ. कुठल्या जगातलं पुणं?”

पुण्याच्या माणसाला हा प्रश्न कधी कुणी विचारलेला नसतो. आमच्या मते पुणं एकच.  चौथा मजला आला, तसे ते कानडी वळणानं “सरी, बरं, बघू या” म्हणाले आणि उतरून गेले. त्यांचा दरवाजा आमच्या दरवाजासमोरच निघाला.

हे चौगुलेअण्णा. मूळचे निपाणीकडचे, पण चाळीस वर्षं बंगळुरात. एका फॅक्टरीत यंत्रांचे आराखडे काढायचे, आता निवृत्त. महादेवपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि सगळे त्यांना टाळत. कारण अण्णांना एकच विषय होता. तो म्हणजे इंग्रजी कॉमिक्स, आणि त्यातलीही एकच मालिका. सहा वीरांची एक टोळी एका जगातून घसरून दुसऱ्या जगात पडते, तिथलं काहीतरी मोडलेलं नीट करते आणि घरी जायला निघते. दार उघडतं ते तिसऱ्याच जगात. तिथं घर असतं, पण रंग वेगळा असतो. आई असते, पण ती ओळखत नाही. की पुन्हा घसरगुंडी. असे शंभराच्या वर अंक अण्णांकडे होते, आणि टोळी अजून घरी पोचलेली नव्हती.

“पोचणार कधी?” मी एकदा विचारलं.

“घाई कुणाला आहे?” अण्णा म्हणाले.

हे अंक त्यांच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यांत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले असत. शेजारच्या डब्यांत रवा, पोहे, शेंगदाणे. सुशीलाअक्का, म्हणजे अण्णांची बायको, फोडणी करता करता सांगायच्या, “अहो, तो नको, त्यात डाळ आहे. टोळी खालच्या डब्यात.” अंक वाचायला मिळायचा, पण हात साबणानं धुऊन, चटईवर मांडी घालून, आणि पानं अण्णाच उलटायचे. आपलं वाचून व्हायच्या आत उलटायचे. मग पुढच्या पानावर काय होणार तेही सांगून टाकायचे.

नुसतं वाचणं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण अण्णांचं सगळं जगणंच त्या हिशेबानं चालायचं. एकदा सकाळी त्यांच्या दारात दुधाच्या दोन पिशव्यांऐवजी तीन आल्या. दुसरा कुणी असता तर दूधवाल्याला विचारता. अण्णांनी अनुमान काढलं की तिसरी पिशवी दुसऱ्या जगातल्या चौगुल्यांची आहे आणि तो बिचारा तिकडं बिनचहाचा बसला असेल. ती पिशवी त्यांनी दाराबाहेर स्टुलावर ठेवली आणि वर चिठ्ठी लिहिली: ‘तुमची आहे. घेऊन जावा.’ दोन दिवस कुणी नेली नाही. तिसऱ्या दिवशी वासावरून सेक्रेटरीबाईंनी तक्रार केली. अक्कांनी नासलेल्या दुधाचं पनीर केलं आणि आम्हालाही वाटीभर दिलं. “तिकडचं आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या, “स्वल्प मीठ कमी वाटेल.”

सोसायटीच्या सभेत तर बहारच. विषय पार्किंगचा असो की कुत्र्यांचा, अण्णा उठून इतर जगांचा अहवाल देत. एका बंगळुरात बेळ्ळंदूरच्या तळ्यावर फेस येतो तो साबणाचा नाही, ताकाचा. लोक सकाळी लोटे घेऊन जातात. दुसऱ्यात रिंग रोड कायम मोकळा असतो, त्यामुळं लोक फार वैतागलेले आहेत, कारण ऑफिसात वेळेवर पोचावं लागतंय आणि उशिराला कारण सापडत नाही. तिसऱ्यात रिक्षावाले घरी येऊन विचारतात, “सार, आज कुठंतरी जाऊ या की!” सेक्रेटरीबाई डोक्याला हात लावत. “अण्णा, मूळ विषयावर या.” अण्णा म्हणत, “कुठल्या जगातल्या मूळ विषयावर?”

पुढं त्यांनी सोसायटीतल्या लोकांचीच टोळी करायला घेतली. प्रत्येकाला एक शक्ती वाटून दिली. सेक्रेटरीबाईंची शक्ती, शिट्टी न वाजवता शिट्टीसारखं बोलणं. अक्कांची, उघडायच्या आधी डब्यात काय आहे ते ओळखणं. माझ्या पाळीला अण्णांनी बराच विचार केला.

“लिमये, तुमची शक्ती म्हणजे ‘पण’.”

“पण म्हणजे काय?”

“हेच. तुम्ही ‘पण’ म्हटलं की पुढचं सगळं जागच्या जागी थांबतंय. मी सभेत बघितलंय. फार मोठी शक्ती आहे. जपून वापरा.”

माझी बायको मुग्धा इतकी हसली की तिला ठसका लागला. आठ वर्षं तिला जे नेमकं सांगता आलं नव्हतं ते अण्णांनी दोन अक्षरांत सांगितलं होतं.

अशी दोन वर्षं गेली. मग एका मंगळवारी ऑफिसात मला पंधरा मिनिटांच्या मीटिंगचं बोलावणं आलं. ती अकरा मिनिटांत संपली. माझी जागा ‘आता राहिलेली नाही’ असं पडद्यावरच्या एका हसऱ्या मुलीनं सांगितलं. लॅपटॉप आणि गळ्यातलं ओळखपत्र तिथंच ठेवून मी बाहेर आलो.

घरी आलो, आणि बोललोच नाही. मुग्धानं विचारलं, “कसा गेला दिवस?” मी म्हणालो, “नेहमीसारखा.” दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून, बॅग घेऊन बाहेर पडलो. रिकामी बॅग चपटी दिसत होती म्हणून आत जाडजूड इंग्रजी शब्दकोश कोंबला होता.

बाहेर पडलेल्या माणसाला दिवसभर जायला जागा नसते, हे मला तेव्हा कळलं. बाग सकाळी दहालाच बंद होते. कॉफीच्या दुकानात ओळखीचे भेटतात. तिसऱ्या दिवशी दोन स्टॉप पलीकडच्या एका बसस्टॉपवर मी बसलो होतो. अकरा वाजले असतील. समोर लुंगी आणि पांढरा शर्ट येऊन उभे राहिले.

मी घाईनं घड्याळात बघितलं. 

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि गंभीरपणे म्हणाले, “तुम्ही तिकडचे लिमये काय?”

मी बॅग मांडीवर ओढून घेतली.

“म्हणजे असणारच,” ते म्हणाले. “आमचे लिमये आता ऑफिसात असतात. अकराला मीटिंग असते त्यांची. तुम्ही दिसता अगदी त्यांच्यासारखे. पण हितं बसू नका. बाराला सावली जाते. चला.”

मी उठलो. वाटेत ते माहिती देत होते. बँकेत गार असतंय, पण अर्ध्या तासानं वॉचमन विचारतो. देवळाचं दार साडेअकराला लावतात. हॉस्पिटलात बसलं तर लोक आजार विचारतात. सगळ्यात चांगलं सरकारी वाचनालय. पंखा असतो, आणि पुस्तक उघडं ठेवलं की कुणी काही म्हणत नाही. हे सगळं यांना कसं माहीत, असं माझ्या मनात आलं. पण त्या वेळी मी स्वतःच्याच विचारात होतो.

त्यानंतर रोज अण्णा वाचनालयात यायचे. दुपारी मागच्या पायरीवर डबा उघडायचे. त्यात दोघांना पुरेल एवढं असायचं. आणि एकदाही, चुकूनसुद्धा, त्यांनी मला इकडचा लिमये म्हणून हाक मारली नाही.

“मग तिकडं काय झालं तुमचं?” त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

आणि मी सांगत सुटलो. तिकडच्या लिमयांची नोकरी गेली. अकरा मिनिटांत गेली. चौदा वर्षं त्यानं दुसरं काही केलेलं नाही. आता एवढ्या उशिरा त्याला कोण घेणार, या धास्तीनं त्याला झोप लागत नाही. तिकडच्या लिमयांबद्दल मी जे बोललो ते माझ्याबद्दल कधीच बोलू शकलो नसतो. अण्णा भाकरी मोडत ऐकायचे.

“बायकोला सांगितलंय त्यानं?”

“नाही.”

“घाबरतो काय?”

“घाबरत नाही. लाज वाटते.”

“आमचा लिमयेही तसाच,” अण्णा म्हणाले. “भला माणूस. पण तोंड उघडायचं म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबतंय.”

मला हसू आलं. हसता हसता मी हातातली भाकरी खाली ठेवली, तेव्हा अण्णांनी लोणच्याची फोड माझ्या पुढ्यात सरकवली आणि तिकडच्या जगात लोणचं कसलं घालतात याची चौकशी सुरू केली.

नवव्या दिवशी त्यांनी डबा लवकर आटोपला.

“उद्यापासनं तुम्ही येऊ नका,” ते म्हणाले. “टोळीचा नियम आहे. एका जगात नऊ दिवसांच्या वर थांबायचं नाही. थांबलं की परत जायचं दार मिटतंय.”

“पण मिटलं तर काय होतं?”

“काही होत नाही.” ते आपल्या हातांकडे बघत होते. “हितंच बसून राहायला लागतंय. सवय होते. ते वाईट.”

त्या संध्याकाळी मी घरी गेलो, बूट काढले आणि मुग्धाला सांगून टाकलं.  तिनं बॅग ओढून घेतली, उघडली, शब्दकोश बाहेर काढला.

“हा मी आठवडाभर शोधतेय,” ती म्हणाली.  “घरभर शोधला, अनिरुद्ध. तुला विचारलं तर म्हणालास, पुण्याला राहिला असेल.” एवढं म्हणून तिनं त्या शब्दकोशानंच माझ्या दंडावर एक फटका मारला, आणि मग माझ्या शेजारी बसून राहिली. आम्ही दिवे लावायचे विसरलो होतो.

दोन महिन्यांनी मला हेब्बाळच्या बाजूला, जरा लहान कंपनीत काम मिळालं. पहिल्या रविवारी पेढे घेऊन मी समोरच्या घरी गेलो. अण्णा बाहेर गेले होते. अक्का घेवड्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या.

“मिळाली नोकरी? बरं झालं की.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हे दोन माणसांचा डबा मागायला लागले तेव्हाच ओळखलं. म्हटलं, आणखी कुणीतरी बाकावर बसलंय.”

“आणखी?”

अक्कांनी शेंगेचा दोर काढला. “ह्यांची फॅक्टरी बंद पडली, त्याला झाली की वीस-बावीस वर्षं. मला सांगितलं नाही. रोज आठाला डबा घेऊन बाहेर पडायचे, साडेपाचाला यायचे. अकरा महिने, दुसरीकडं काम मिळेपर्यंत. आल्यावर सांगायचे, आज साहेब असं म्हणाला, आज तसं म्हणाला. रंगवून सांगायचे. त्या साहेबाला तर मी महिनाआधीच बसमध्ये बघितलं होतं, सामान घेऊन गावी चालला होता.”

“मग?”

“मग एकदा मी ह्यांच्या मागनं गेले. वाचनालयात शिरले हे. मोठ्यांच्या खोलीत फॅक्टरीतलेच दोघंतिघं पेपर वाचत बसले होते, तर हे मुलांच्या खोलीत गेले. मुलांचा बाक ओ, एवढासा. गुडघे कानाला लागत होते. हातात ते चित्रांचं पुस्तक. आणि तोंड असं, की आत्ता कुणीतरी दार उघडणार आणि ह्यांना घरी नेणार.” त्यांनी आणखी एक शेंग मोडली. “मी दारातनंच परत आले. दुसऱ्या दिवसापासनं डब्यात एक भाकरी जास्ती घातली. दिवसभर बसायचं म्हणजे भूक लागतीय की.”

“तुम्ही त्यांना सांगितलं कधी? तुम्हाला कळलं होतं ते?”

“नाही.”

“अजून?”

“त्यांना वाटतंय मला ठाऊक नाही. वाटू दे की. एवढं जपलंय त्यांनी.”

तेवढ्यात दार वाजलं आणि अण्णा आत आले. मी, अक्का, मध्ये घेवड्याचं ताट, आणि दोघंही एकदम गप्प. अण्णा उंबऱ्यातच थबकले. त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, “काय चाललंय बोलणं?”

अक्कांनी मान वर केली नाही. “टँकरचं. आज पाणी उशिरा येणार म्हणत होते लिमये.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

“हो,” मी म्हणालो. “बराच उशीर होईल म्हणे.”

“असं होय!” अण्णांचे खांदे सैल झाले. “मग आधी सांगायचं नाही काय?” लुंगी वर खोचत ते न्हाणीत गेले आणि नळ सोडला. अक्का शेंगा निवडत राहिल्या, मी त्यांना मदत करू लागलो. आत अण्णा एकेक भांडं भरत होते. बादल्या, पातेली, कळशी, शेवटी तांब्यासुद्धा.