चेहऱ्याच्या टेबलावरचा बाबू

आमच्या अमरावतीच्या कॉलनीतले तायडे सर परवा सलूनमध्ये शिरले. समोर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ दिसले, तर हात जोडून म्हणाले, "बसा जी, तुमचा नंबर आधी." गृहस्थांनीही हात जोडले. दोघंही बसेनात. शेवटी न्हाव्यानं सरांना आरशापासून ओढून खुर्चीत बसवलं.

सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी मेंदूला झटका आला. डावा पाय जरा ओढतो, पण खरी गंमत वेगळीच. नाक, डोळे, मिशा सगळं स्वच्छ दिसतं. चेहरा कोणाचा, तेवढं कळत नाही. पाहण्याचा भाग वेगळा, चेहरा ओळखण्याचा वेगळा, आवाजाचा आणखी वेगळा, असं डॉक्टरांनी समजावलं. सरांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं.

"मेंदू म्हंजे तहसील कचेरी हाये, बाप्पा! आवक चालू हाये, आवाजाचं टेबल चालू हाये. चेहऱ्याच्या टेबलावरचा बाबू तेवढा सुटीवर गेला. कागद जाते अन् पडून रायते."

एकदा त्यांनी माझं चित्र काढलं. नाकाजवळच्या चामखिळीसकट हुबेहूब. मग तेच निरखत मला विचारतात, "कोन हाये हा? चोरट्यावानी दिसते." आणि मी डावी चप्पल घासत फाटकाशी आलो, की पाठमोरेच ओरडतात, "ये रे!"

हे सगळं हसण्यावारी जायचं, पण सरांच्या बायकोला, शोभाकाकूंना ते लागलं होतं. झटक्यापासून त्या रोज हिरवीच साडी नेसत, सरांना ओळखू यावं म्हणून. एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "चपलीवरून सारी कॉलनी ओयखते हे. मले मात्र साडीवरून. चाळीस वर्सं झाली वं संसाराले." माहेरी यातलं अक्षर त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग काकूंच्या भाचीची हळद निघाली, अकोल्याला. शेजारधर्म म्हणून मीही गेलो. हल्लीच्या फॅशनप्रमाणे सगळ्या बायका एकसारख्या पिवळ्या साड्यांत. काकूंची हिरवी साडी बहिणींनी हट्टानं बदलायला लावली. त्यात तोंडाला हळद आणि डीजेचा असा दणका, की आवाजाचं टेबलही बंद!

तेवढ्यात धाकट्या मेहुणीला खेळ सुचला. तिनं बायकांची रांग लावली आणि माइकवरून पुकारा केला, "जिजाजी, ताईले ओयखून दाखवा! अन् कोनी बोलाचं नाई!"

काकूंच्या काळजाचं तर पाणी पाणी झालं असणार. आज माहेरच्या मांडवात सगळं उघडं पडणार होतं. मी लांबून हातानं खुणा करू लागलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हा कोण येडा, अशा चेहऱ्यानं मान फिरवली.

पाय ओढत ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. बायका खिदळत होत्या. टोकाला थांबले, वळले आणि सरळ मधोमध येऊन एका बाईचा हात धरला. "हे आमची!"

मांडव दणाणला. शिट्ट्या काय, टाळ्या काय! मी तर शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि भर मांडवात रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. सर एका पायावर नाचले. मेहुणीनं कौतुकानं त्यांच्या टकलावर वाटीभर हळद ओतली.

जेवताना मी हळूच विचारलं, "सर, चेहरा ओळखू आला म्हणायचा?"

"नाई रे," सर वरणभात कालवत म्हणाले. "चेहरा अजूनई नवाच वाटते. रोज सकायी एक अनोयखी बाई चहा आनते. हिरवी साडी दिसली का जीव भांड्यात पडते. आज तेबी नवती. लय भेव वाटलं."

"मग कसं ओळखलंत?"

सरांनी भात तसाच ठेवला. दूर पंगतीत वाढणाऱ्या पिवळ्या साड्यांकडे पाहत राहिले.

"साऱ्या बाया माह्या तोंडाकडे पाहून हासत होत्या. एकच बाई माह्या पायाकडे पाहून राह्यली होती. खाली डीजेची वायर होती ना."