चौथ्या डब्यातलं कानातलं

वस्तू लपवण्यात आणि शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही! बायकोचं मत वेगळं आहे. "तुला फ्रीजमध्ये नाकासमोर ठेवलेलं लोणी दिसत नाही," असं ती चारचौघांत सांगते. पण लोणी ही काय शोधायची वस्तू झाली?

तर झालं असं. गेल्या वर्षी मी आमच्या लग्नाचा वाढदिवस विसरलो. साफ विसरलो! वर संध्याकाळी घरी येऊन, "आज काय एवढी नटलीस? कुठे निघालीस?" असंही विचारलं. पुढचे आठ दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. यंदा पंधरावा वाढदिवस. यंदा चुकलो असतो, तर भांडी बोलली नसती, उडाली असती.

म्हणून मी एक जबरदस्त बेत केला. गावाबाहेरच्या रानात, एका जुन्या खेड्याभोवती, सहा किलोमीटरची एक गोल पायवाट आहे. तिच्यावर कोणा हौशी मंडळींनी सहा डबे लपवून ठेवलेत. मोबाइलवरच्या खुणा बघत चालायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची. आतली एखादी वस्तू आवडली तर खुशाल घ्यायची, पण बदल्यात त्याच तोलाची दुसरी ठेवायची. वाट सुरू होते तिथेच संपते, त्यामुळे माझ्यासारख्यालाही हरवता येत नाही!

आदल्या दिवशी गुपचूप जाऊन मी पडक्या गिरणीच्या भिंतीतल्या चौथ्या डब्यात निळ्या खड्यांचं कानातलं ठेवून आलो. तेच, जे बायकोने दुकानाच्या काचेतून मला तीनदा दाखवलं होतं. सोबत चिठ्ठी. बायको स्वतःच्या हाताने डबा उघडणार, चिठ्ठी वाचणार, डोळ्यांत पाणी येणार. गेल्या वर्षीचं सगळं माफ!

पण बायकोने सोबत आपल्या आईबाबांनाही बोलावलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या सगळ्यांच्या पिशव्या आणि चष्मे सांभाळत खेड्याच्या तोंडाशी असलेल्या बाकावर बसल्या. सासरे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना ऐकू कमी येतं. बायकोने चांगलं महागातलं मशीन घेऊन दिलंय, पण ते कानात कमी आणि शर्टाच्या खिशात जास्त असतं. "त्यात नुसता वारा घोंघावतो!" ही त्यांची तक्रार.

"वाट गोलच आहे ना?" बाबा गरजले. "मग मी उलटा निघतो. मध्ये गाठ पडेलच. बघू कोणाला जास्त डबे सापडतात!"

उलटे निघाले म्हणजे चौथा डबा आमच्याआधी त्यांच्या हाती! बायको बुटाची नाडी बांधत होती. मी पटकन बाबांच्या कानाशी लागलो.

"बाबा, चौथा सोडा!"

"काय?"

"चौथा! सोडा!"

बाबांचा चेहरा उजळला. "अस्सं होय! बरं बरं!" म्हणत ते तरुणासारखे निघाले.

पहिला डबा बायकोला सापडला. दुसरा पुलाखाली होता, चांगला पिंपाएवढा. तोही तिलाच सापडला, कारण मी तेव्हा त्याच्यावरच बसून नकाशा बघत होतो. तिसऱ्याच्या वेळी मात्र मी झाडाच्या ढोलीत आधी हात घातला आणि ओरडलो, "सापडलं!" मुंग्यांचं वारूळ सापडलं होतं!

बोटं चोखत पुढे निघालो, तर समोरून बाबा. गालात चॉकलेट, चालीत रुबाब.

"बाबा, चौथा सोडलात ना?" मी हळूच विचारलं.

चॉकलेट या गालातून त्या गालात गेलं. "सोदला, सोदला!" आणि मला डोळा मारून ते पुढे सटकले. माझा जीव भांड्यात पडला!

गिरणीपाशी मी हाताची घडी घालून उभा राहिलो. "हा तूच शोध." बायकोने मिनिटात भिंतीतून डबा काढला. झाकण उघडलं आणि आतून आवाज आला, "कुंईईई!"

डबा शिट्टी वाजवत होता! बायकोने चिठ्ठी उलगडली आणि मोठ्याने वाचली.

"पंधरा वर्षं झाली. हे तुला आधीच द्यायला हवं होतं. आजपासून रोज कानात घालत जा. तुझाच."

मग तिने दोन बोटांत धरून वर काढलं ते कानाचं मशीन.

"म्हणजे मी तुझं ऐकत नाही?"

"अगं, तसं नाही..."

"बहिरी आहे मी?"

"अगं, कानातलं आहे ते!"

"कानातलंच आहे! बाबांच्या कानातलं! म्हाताऱ्या माणसाच्या खिशातून काढलंस? माझी चेष्टा करायला?"

"कुंईईई," मशीन म्हणालं. माझ्या बाजूने बोलणारं तेवढंच होतं. पाचव्या डब्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी दहा पावलं मागून चालत होतो. पंधरावा वाढदिवसही माझ्या हातून गेला होता, आणि तोही लक्षात असताना!

बाकाजवळ पोचलो आणि थबकलो. सासूबाई पिशवीतला छोटा आरसा धरून मान इकडून तिकडे वळवत होत्या. त्यांच्या कानांत निळे खडे लुकलुकत होते.

"जावईबापू!" बाबा अख्ख्या खेड्याला ऐकू जाईल असे ओरडले. "चौथा शोधा म्हणालात, शोधला! कानातलं घेतलं, कानातलं ठेवलं. अगदी नियमाला धरून! एक चिठ्ठीही होती, पण चष्मा हिच्याकडे."

शोधा! मी सोडा म्हणालो, त्यांनी शोधा ऐकलं. ते शोधला म्हणाले, मी सोडला ऐकलं. आणि बहिरे म्हणे ते!

बायकोने हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, खड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं उमगलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा बूट माझ्या पायावर पडला.

"बेचाळीस वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा आपण होऊन काही आणलं गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले.

"छान दिसतंय, आई," बायको म्हणाली. मग तिने ते मशीन बाबांच्या कानात बसवलं आणि आईला पुन्हा तेच बोलायला लावलं. बाबा चक्क लाजले! माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. अर्धं त्या दोघांमुळे, अर्धं बुटामुळे.

सहावा डबा बाकाखालीच होता. वहीत बायकोने लिहिलं, "घेतलं काही नाही. नवरा ठेवणार होते, पण डब्यात मावला नाही." मला वाटलं, विषय मिटला. पण तिने तेच मोबाइलवर, त्या वाटेच्या पानावरही टाकलं.

चार दिवसांनी त्याखाली कोणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. बायकोने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

"दुसरा डबा मोठा आहे. बसेल."