उत्तर उद्या सांगा

आमच्या समोरच्या शेख बाई कुणाचाही निरोप सरळ घेत नाहीत. बोलणं संपलं की त्या 'येते' म्हणत नाहीत, 'बराय' म्हणत नाहीत. एक गणित घालतात आणि वळतात. "उत्तर उद्या सांगा," एवढं पाठमोरं ऐकू येतं आणि त्यांचं दार बंद होतं.

कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांच्या वाट्याला येतं. आमच्याकडे लिफ्ट नाही. गॅसचा सिलिंडर घेऊन धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोहोचलेल्या माणसाला बाईंनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. परत जाताना दोन-दोन उतरलात तर किती पावलं वाचतील? उत्तर पुढच्या सिलिंडरला सांगा." तो बिचारा एकेक पायरी मोजत खाली गेला.

मला त्यांनी घातलेलं पहिलं गणित असं होतं : इमारतीची टाकी एका नळाने दोन तासांत भरते, तुमच्या न्हाणीघरातला गळका नळ भरलेली टाकी सहा तासांत रिकामी करतो, दोन्ही चालू राहिले तर टाकी भरायला किती वेळ लागेल? मी विमा कंपनीत नोकरीला. तिथे हिशोब कॉम्प्युटर करतो, मी फक्त सही करतो. दोन दिवस कागद खराब केल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे गणित नसून तक्रार आहे. मी प्लंबरला बोलावलं. जिन्यात बाई भेटल्या तेव्हा मोठ्या ऐटीत म्हटलं, "बाई, नळ बदलला."

"ते कळलं. उत्तर काय आलं?"

बाईंनी मुलींच्या एका शाळेत उभा जन्म गणित शिकवलं. घराणं चार पिढ्यांपासून पेठेतलं, त्यामुळे बोलणं नेमकं आणि जरा टोचणारं. लग्न केलं नाही. आई होती, ती गेल्यापासून एकट्याच. त्यांचं दुसरं पेटंट वाक्य म्हणजे "पायऱ्या दाखवा." रिक्षा मिळाली नाही म्हणून उशीर झाला असं कुणी म्हटलं की बाई म्हणणार, "पायऱ्या दाखवा. घरातून किती वाजता निघालात?" ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचं पातेलं येतं. पातेलं रिकामं परत देऊ नये ही आपली रीत, म्हणून आमच्याकडून त्यात चकल्या जातात. पण बाई चकल्या बाजूला ठेवून आधी विचारतात, "आणि उत्तर?"

मी कंटाळलो होतो हे कबूल करतो. त्यांचं दार उघडं दिसलं की मी चपला हातात घेऊन जिना उतरायचो. अठरा वर्षांत मी फार तर दहा उत्तरं दिली असतील आणि त्यातली सात चुकीची.

निवृत्तीच्या वेळी शाळेने बाईंचा निरोप समारंभ केला होता. वर्गातल्या अडतीस मुलींनी त्यांना पत्रं लिहिली. घरी येऊन बाईंनी ती वाचली, तर सगळ्यांत शब्दाशब्दाने एकच मजकूर : 'आपण आम्हांस आईच्या मायेने शिकवलेत.' वर्गशिक्षिकेने फळ्यावर लिहिलं होतं, मुलींनी उतरवून घेतलं होतं. बाई हा किस्सा रंगवून सांगायच्या. "अडतीस मुली आणि माया एकच. मी कॉपी पकडण्यात आयुष्य घालवलं, आणि मलाच कॉपी बक्षीस दिली." आम्ही हसायचो. किस्सा तिथेच संपायचा. फक्त एकदा त्या पुढे बोलल्या. त्या दिवशी समारंभाहून निघताना व्हरांड्यात एक मुलगी दुसरीला म्हणाली होती, "सुटलो गं बाई एकदाच्या!" हे सांगून बाईंनी मला लगेच एक गणित घातलं.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांनी बॉम्ब टाकला. निवृत्त शिक्षकांना परदेशात पाठवणाऱ्या कुठल्याशा संस्थेत त्यांनी नाव दिलं होतं, आणि टांझानियातल्या एका डोंगराळ गावातल्या शाळेत वर्षभर विनावेतन गणित शिकवायला त्या निघाल्या होत्या. सदुसष्टाव्या वर्षी! इमारतीच्या ग्रुपवर शुभेच्छांचा पूर आला. मीही हात जोडलेलं चित्र टाकलं. खरं सांगायचं तर आम्हीही सुटलो होतो. वर्षभर मी चपला पायात घालून जिना उतरलो. नळ पुन्हा गळायला लागला, तो तसाच गळत राहिला.

बाई परत आल्या त्या काटकुळ्या होऊन आणि रापून. सोबत तपकिरी कागदात बांधलेला एक गठ्ठा होता. त्या शाळेत अशी पद्धत की निघणाऱ्या शिक्षकाला मुलं आपापली निरोपाची पत्रं बंद करून देतात आणि ती शिक्षकाने प्रवासात वाचायची. बाईंनी ती विमानात वाचली नाहीत. घरी येऊनही वाचली नाहीत. गठ्ठ्यावर मिक्सर ठेवला. मी विचारलं तर म्हणाल्या, "फळा तिथेही असतो, दाते."

गठ्ठा चार महिने मिक्सरखाली राहिला.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात बाई, हातात गठ्ठा. मी मनातल्या मनात पाढे म्हणायला लागलो, पण त्यांनी गणित घातलं नाही. मोबाईल पुढे केला. तिथल्या मुख्याध्यापकांचा निरोप होता : मुलं दर सोमवारी विचारायची, टीचर शेख यांची उत्तरं आली का? आता त्यांनी विचारणं बंद केलंय, म्हणून कळवतो.

"कसली उत्तरं?" मी विचारलं.

"ते आत असेल." बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही वाचा. फळ्यावरचं असेल तर मला काही सांगू नका. नुसतं परत बांधा. मला पुन्हा तसलं वाचायचं नाही."

या बाईंना कशाची भीती वाटत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मुकाट्याने त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. त्या ओट्याकडे तोंड करून चहा करायला लागल्या.

पत्रं इंग्रजीत होती. मी माझ्या मराठीत सांगतो. पहिलं उघडलं. पहिली ओळ : 'पक्ष : टीचर शेख जात आहेत.' दुसरं उघडलं. 'पक्ष : टीचर शेख जात आहेत.' तिसरं, चौथं, पाचवं, सगळीकडे तेच. गठ्ठा कसा बांधायचा याचाच मी विचार करायला लागलो.

"सारखीच ना?" पाठमोऱ्या बाईंनी विचारलं.

मला खोटं बोलता येईना. "पहिली ओळ सारखी आहे," म्हटलं आणि ती वाचून दाखवली.

बाई गर्रकन वळल्या. "अहो, तो पक्ष आहे! दिलेली माहिती सगळ्यांना एकच असणार. मीच शिकवलंय तसं. खालचं वाचा, खालचं!"

मी खालचं वाचलं. एकाने लिहिलं होतं : 'तुम्ही रोज सरासरी पाच वेळा रागावत होता. गेल्या आठवड्यात आलेले नवे टीचर एकदाही रागावले नाहीत. तरी मला शाळेत यावंसं कमी का वाटतं? उत्तर उद्या सांगा.' दुसऱ्याने लिहिलं होतं : 'वर्गात एकतीस मुलं आणि एक टीचर. त्यातून एक वजा केले. मग वर्ग अर्धा रिकामा कसा? पायऱ्या दाखवा. उत्तर उद्या सांगा.' नेएमा नावाच्या मुलीचं पत्र होतं : 'माझं घर शाळेपासून चार किलोमीटर. पाऊस असला की तुम्ही मला घरी सोडायला यायचा आणि एकट्या परत जायचा. असं नऊ वेळा झालं. तुम्ही माझ्यासाठी एकूण किती चाललात? उत्तर उद्या सांगा.'

"चुकलं," बाई म्हणाल्या. "नऊ नाही. अकरा वेळा गेले होते." आणि त्या खुर्चीवर बसल्या. चहा उतू गेला. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

एकतीस पत्रं, एकतीस गणितं, एकालाही दुसऱ्याचं माहीत नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य. मला एकदम हलकं वाटलं, हसूही आलं, आणि मग माझं हसू थांबलं. बाई सगळ्यांना गणित घालून का वळतात, ते त्या मुलांनी एका वर्षात ओळखलं होतं. ज्याच्याकडे उत्तर बाकी असतं त्याला उद्या यावंच लागतं. बाईंना उत्तर नको असायचं, माणूस हवा असायचा. मी सात पावलांवर राहून अठरा वर्षं चपला हातात घेऊन पळत होतो. मला माझी फार लाज वाटली.

दुपारी दोनपर्यंत आम्ही एकतीस उत्तरं लिहिली. म्हणजे बाईंनी लिहिली, मी फोटो काढून पाठवले. नेएमाला लिहिलं : 'अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. तुझा पक्ष तपासून बघ.' अर्ध्या रिकाम्या वर्गाच्या उत्तरापाशी त्यांनी दोनदा खाडाखोड केली आणि शेवटी लिहिलं, 'हे मलाही सुटलेलं नाही. माझंही घर तसंच वाटतं.' तासाभराने तिकडून मुख्याध्यापकांचा निरोप आला की शाळेला सुट्टी आहे, तरी नेएमाला घरी जाऊन सांगितलं, आणि ती विचारते आहे, पायऱ्या कुठे आहेत? बाई इतक्या खदखदून हसल्या की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून वर पाहिलं.

मी उठलो. बाई पत्रं हजेरीच्या क्रमाने लावण्यात गढून गेल्या होत्या. दारापर्यंत आलो तरी मागून काही ऐकू आलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्या मला गणित घालायला विसरल्या होत्या.

मी उंबऱ्यातच थांबलो. "बाई," म्हटलं, "समोरासमोर दोन दारं आहेत. मधे सात पावलं. एका माणसाने अठरा वर्षं ती चुकवली. आता तो रोज आला, तर फिटायला किती दिवस लागतील?"

बाईंनी मान वर केली. चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"माहिती अपुरी आहे, दाते," त्या म्हणाल्या. "उद्या पाचला या. चहा टाकते, मग बघू."