शून्याखालचा जावई

त्या दिवशी सुरेंद्र फोनवर "मले नाई समजत" एवढं म्हणाला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण प्रश्न सासऱ्यांनी विचारला होता, आणि त्या प्रश्नात धाकट्या जावयाचं नाव होतं.

"सुरिंदर, तुले बेसबॉल समजते का?" गुडीहत्नूरहून भगवंतराव विचारत होते. "हर्षदीपजी शिकवून राह्यले मले. मोठा अजब खेळ हाये, बापा."

सुरेंद्रचं इचोड्याला हायवेवर मोटर-पंपांचं दुकान. बेसबॉलबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं की त्यातली बॅट मुसळासारखी गोल असते. तरी तो म्हणाला, "समजते ना मामाजी. त्यात काय कठीण हाये."

"मंग बरं झालं. धोंड्याच्या जेवनाले दोघं याल, तवा बोलू."

सुरेंद्रनं फोन ठेवला. बेसबॉलचं नंतर बघता आलं असतं. त्याला डाचलं ते दुसरंच. 'हर्षदीपजी' आणि 'सुरिंदर'. एकाला जी, आणि दुसऱ्याला जी तर नाहीच, वर अरे-तुरे.

हा हर्षदीप म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा, तेजस्विनीचा नवरा. हैदराबादला एका कंपनीत होता, आणि ती कंपनी अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंची आकडेमोड करायची. कोण खेळाडू घ्यावा, कोण सोडावा, हे तिकडचे लोक म्हणे या आकड्यांवरून ठरवत. (आपल्याकडे पोरगी देतानाही लोक एवढं बघत नाहीत.) त्यानं सासऱ्यांना एक निळी टोपी आणून दिली होती, आणि भगवंतराव ती घालून वांग्याला पाणी देत. सुरेंद्रनं दिवाळीला दिलेल्या टॉवेलानं मात्र ते सायकल पुसत. या टोपीचा आणि टॉवेलाचा विचार मनात आला की सुरेंद्रला जेवण जात नसे.

त्यात यंदा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, तांब्याच्या ताटात अनारसे रचून वर दिवा ठेवून वाण द्यायचं. मागच्या धोंड्याला सुरेंद्र एकटाच जावई होता. सासूबाईंनी त्याला असं ओवाळलं होतं की आठवडाभर तो दुकानात गादीवर पाटावर बसल्यासारखा बसत होता. आता पाट दोन झाले होते. पण पहिला पाट थोरल्याचा, हे तर लहान पोरही सांगेल.

तेवढ्यात रंजीता, त्याची बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई म्हनत होती, यंदा पयले हर्षदीपजींले ओवाळते. लांबून येतात ना ते."

"लांबून म्हंजे कुठून? हैदराबादहून?" सुरेंद्र म्हणाला. "हैदराबादहून शंभर ट्रक येतात माह्या दुकानासमोरून. मी ओवाळतो का त्यायले?"

"आनि येतानी बर्फाची लादी घेऊन या म्हने. आमरसाले पायजे."

म्हणजे बोलावणं जावयाचं आणि काम हमालाचं. सुरेंद्रचा जळफळाट झाला. बारा वर्षं तो या घराची कामं करत होता. हाक आली की शटर खाली ओढून निघायचा. आणि हा पांढऱ्या बुटांचा पाहुणा वर्षातून दोनदा येतो, सोफ्यावर बसतो, 'मामीजी, भरीत एक नंबर' म्हणतो, आणि पहिला पाट घेऊन जातो.

सुरेंद्रनं ठरवलं, काट्यानंच काटा काढायचा. सासऱ्यांना आकडे आवडतात ना, मग आकड्यांतच साडूला चीत करायचं.

त्या दिवसापासून दुकानात मोबाइलवर बेसबॉल सुरू झालं. हिंदीतून समजावणारा एक मास्तर त्यानं शोधून काढला. पहिला धडा असा होता : बॅटरनं किती फटके मारले एवढंच जुने लोक बघायचे. नवे लोक म्हणतात, तो बेसवर, म्हणजे पुढच्या थांब्यावर, किती वेळा पोहोचला ते बघा. मग तो मारून पोहोचो की उभा राहून. वाईट चेंडूंना बॅट न लावता गप उभा राहिला, तर चार वाईट चेंडूंनंतर त्याला पहिला बेस फुकट मिळतो, आणि तेही त्याच्याच खात्यात जमा होतं.

"पाहा," सुरेंद्र स्वतःशीच म्हणाला, "काही न करता उभं राहून मान मिळवाचा, हे याच्या धंद्यातच हाये."

दुसऱ्या धड्यात तर त्याला घबाडच सापडलं. त्या आकड्याचं नाव होतं 'वॉर'. मास्तर सांगत होता, खेळाडूनं काय काय केलं ते नुसतं मोजू नका. त्याला घरी बसवा, आणि त्याच्या जागी सहज मिळेल असा साधा बदली खेळाडू उभा करा. त्या बदलीपेक्षा यानं संघाला किती सामने जास्त जिंकून दिले? तीच त्याची खरी किंमत. बदली खेळाडू म्हणजे शून्य. त्याच्या वर गेला तो कामाचा.

सुरेंद्र खुर्चीतून उठून उभा राहिला. मला घरी बसवलं तर मामाजींचं घर चालेल का? आणि हर्षदीपला बसवलं तर? तो तर बसलेलाच असतो.

समोर भीमपूरचा एक शेतकरी पंपाचा फूटवॉल्व्ह मागत होता. सुरेंद्र त्याला म्हणाला, "काका, हर्षदीपले काढून टाका. काय अडते सांगा." काका सरळ समोरच्या दुकानात गेले.

धोंड्याचा दिवस उजाडला तोच भट्टीसारखा. सुरेंद्रनं बर्फाची लादी गोणपाटात बांधून मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली, मागं रंजीता. वाटेत गर्दी लागली, आणि एका धाब्यावर ओळखीचा माणूस भेटला. (सुरेंद्रला प्रत्येक धाब्यावर ओळखीचा माणूस भेटतो.) त्याला वॉर म्हणजे काय ते समजावून देण्यात थोडा वेळ गेला. गुडीहत्नूरला पोहोचेपर्यंत लादीचा साबणाएवढा तुकडा उरला होता, आणि बाकीची लादी गाडीच्या इंजिनात आणि सुरेंद्रच्या पँटीत उतरली होती.

सासूबाई मथुराबाईंनी तो तुकडा पाहिला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मी डोमाजीले फोन करतो. भाडं घेऊन इचोड्याले गेला तो, परत येतानी आनन."

डोमाजी म्हणजे शेजारचा ऑटोवाला. पन्नाशीचा, बिनलग्नाचा, सडाफटिंग.

आत भगवंतराव निळी टोपी घालून खाटेवर बसले होते. हर्षदीप शेजारी पांढऱ्याशुभ्र कुडत्यात. त्याच्या कुडत्याला एक सुरकुती नव्हती, आणि सुरेंद्रच्या पँटीतून पाणी ठिबकत होतं. तरी सुरेंद्र सरळ मैदानात उतरला.

"मामाजी, आज वॉर काढू."

"कोनाचा?"

"जवायांचा. थोरला आनि धाकटा. ज्याचा जास्त निंघन, त्याले पयला पाट."

भगवंतरावांनी टोपी सारखी केली. त्यांना हे फारच आवडलं. हर्षदीप मात्र कानकोंडा झाला. "दादा, घरच्या माणसांवर नको वापरायला," तो म्हणाला. "आम्ही ऑफिसातही एकमेकांवर वापरत नाही."

सुरेंद्रला वाटलं, भ्यायला. "काऊन? आकड्याले काय भेव?"

"पन बदली कोन धराचा?" भगवंतरावांनी विचारलं.

नेमका त्याच वेळी डोमाजी दारातून आत आला. खांद्यावर भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी, अख्खी, कोपरासुद्धा न झिजलेली.

"कोनीबी चालते," सुरेंद्र हात उडवून म्हणाला. "हा डोमाजी धरा."

डोमाजीनं लादी टोपल्यात ठेवली आणि काही कळलं नाही तरी नमस्कार केला. रंजीता स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं नवऱ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे 'पुरे करा'. सुरेंद्रनं ती 'शाबास' अशी धरली.

"घ्या पयलं," तो म्हणाला. "मामाजींचा गुडघा धरला. आदिलाबादले डॉक्टरकडे कोनं नेलं?"

"तू नेलं," भगवंतराव म्हणाले. "वाटेत गिऱ्हाइकाची मोटर पाह्यला उतरला. आपन पोचलो तं डॉक्टर घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी डोमाजीनं नेलं. गुडघा दाखवून, येतानी वांगे इकून, जेवाले घरी."

"बरं, ते सोडा. मळ्यातली मोटर जळाली, कोनं बसवली? माहं दुकानच हाये मोटरीचं."

"बसवली तूच," मथुराबाई आतून म्हणाल्या. "उलटी फिरे ते. दोन दिवस टमाटे वाळले. डोमाजीनं दोन वायरी अदलाबदल केल्या, मंग पानी आलं."

सुरेंद्रला घाम फुटला. (पँट ओली होतीच.) त्याला मास्तरचा आणखी एक धडा आठवला. "मैदानाचा हिशेब धरा मामाजी. मैदान कठीन असन तं खेळाडूले सूट देतात. इचारा यायले. इचोड्याचा रस्ता पाह्यला ना तुमी? किती ट्रकं."

"हो, देतात तशी सूट," हर्षदीप लगेच म्हणाला. त्याला बिचाऱ्याला सुटका हवी होती.

"पन डोमाजी त्याच रस्त्यानं बर्फ घेऊन आला ना," भगवंतराव म्हणाले.

आता शहाण्या माणसानं थांबायचं. पण सुरेंद्रला मत्सरानं असं धरलं होतं की त्यानं हुकमाचं पान काढलं. "तेजस्विनीचं लग्न. वरात आनाले स्टेशनावर कोन गेलं होतं?"

आत तेजस्विनीची बांगडी वाजायची थांबली.

"तूच गेला होता," भगवंतराव हळू म्हणाले. "आनि किनवटची वरात घेऊन आला."

हे सुरेंद्र खरोखरच विसरला होता. त्या दिवशी स्टेशनवर दोन वराती उतरल्या होत्या, आणि ज्या वरातीनं आधी विचारलं, तिला तो घेऊन आला होता. किनवटची मंडळी सज्जन होती. त्यांनी निमूटपणे जेवून घेतलं, आणि पंगत उठल्यावर मुलीचं नाव विचारलं.

"मी स्टेशनवरच होतो," हर्षदीप ओशाळून म्हणाला. "बाशिंग बांधून. डोमाजी आले मग ऑटो घेऊन." आणि घाईघाईनं त्यानं जोडलं, "पण दादा, थोड्या सामन्यांवरून खेळाडू ठरवत नाहीत."

"थोडे कायचे?" मथुराबाई म्हणाल्या. "बारा वर्षं झाले."

साडूनं आपली बाजू घ्यावी, यापेक्षा त्यानं दोन मुस्काटात दिल्या असत्या तर सुरेंद्रला बरं वाटलं असतं.

भगवंतरावांनी निकाल दिला. "डोमाजी बदली, म्हनून शून्य. सुरिंदर शून्याच्या खाली."

"आनि हर्षदीप?" सुरेंद्रचा आवाज चिरकला. "त्यानं तं काहीच नाई केलं."

"म्हनूनच तो शून्यावर हाये. तो खेळलाच नाई, त्यानं हरवलं बी नाई. तू रोज खेळते, बापा."

सुरेंद्रनं रंजीताकडे पाहिलं. बायको तरी काही बोलेल. रंजीता म्हणाली, "बदली रोजचा मिळाला पायजे ना बाबा. डोमाजी काय रोज मिळते?" सुरेंद्रच्या जिवात जीव आला. पण डोमाजी भोळेपणानं म्हणाला, "मिळतो ना ताई. आपला ऑटो दारातच उभा रायते."

मथुराबाई ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आल्या. सगळं ऐकून त्यांचा हिशेब पक्का झाला होता. "मंग ज्याच्याशी समद्यायले मोजून राह्यले, त्यालेच बसवा ना पयल्या पाटावर," त्या म्हणाल्या. "पोरगी न देता जवाई भेटला मले."

डोमाजी लाजला, नको नको म्हणाला, आणि बसला. पन्नास वर्षांत त्याला कुणी ओवाळलं नव्हतं. टिळा लागला, डोक्यावर जावयाच्या मानाची टोपी आली, आणि अनारशांचं ताट हातात घेताना त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या पाटावर हर्षदीप बसला. तिसरा पाट घरात नव्हताच, म्हणून सुरेंद्रसाठी कोठीतून पाटाएवढीच एक लाकडी पेटी आणली. ती सुरेंद्रच्याच दुकानातल्या, उलट्या फिरणाऱ्या मोटरची होती. आमरसात त्या दिवशी बर्फ भरपूर होता, पण सुरेंद्रला गार काही लागलं नाही.

संध्याकाळी निघायची वेळ झाली आणि मोटरसायकल सुरू होईना. इंजिनात सकाळची लादी बसली होती. सुरेंद्रनं किका मारल्या, प्लग काढला, पुसला, घातला. हर्षदीपनं "माझ्या गाडीतून सोडू का" विचारलं, तेव्हा सुरेंद्रनं इतक्या जोरात "नाई" म्हटलं की कोंबड्या उडाल्या.

शेवटी रंजीता डोमाजीच्या ऑटोत जाऊन बसली. तिच्या मागं सुरेंद्रही बसला. डोमाजीनं जावयाची टोपी डोक्यावरून काढली नव्हती. अनारशांचं ताट त्यानं पुढं आपल्या सीटजवळ नीट ठेवलं होतं.

ऑटो कुठंही न थांबता इचोड्याला लागला. (रस्त्यावर त्या दिवशी ट्रकही कमी होते, म्हणजे मैदानही त्याच्याच बाजूचं.) दारात उतरताना सुरेंद्रचा चेहरा बघून डोमाजीला वाईट वाटलं. त्यानं एक अनारसा काढून सुरेंद्रच्या हातावर ठेवला.

"मनाले लावून घेऊ नका, साडभाऊ," तो म्हणाला. "तीन वर्षांनी धोंडा पुन्हा येते. तवा मी नसलो गावात, तं तुमालेच बसवतीन बदली म्हनून."