गॅरेजमधली घळ

"वर्ल, तू घळीच्या तोंडाशीच थांब आणि आमच्यासाठी कोको गरम ठेव," असं लमार हीटन सगळ्यांदेखत म्हणाला, तेव्हापासून वर्ल जडला जेवण गोड लागेनासं झालं होतं.

जुनिपर वेल्स गावच्या फोटो मंडळाची हिवाळी सहल शरद ऋतूपासून शिजत होती आणि शिजता शिजता करपायला आली होती. कावळघळीत जायचं, हे ठरलेलं. हिवाळ्यात तिथे पर्यटक नसतात, सूर्य खाली असतो, आणि ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर सांडत आत उतरलं की दगड निखाऱ्यासारखा फुलतो. पण तारीख काही जमेना. कुणाच्या नातवाचा बाप्तिस्मा, कुणाची गाय व्यायची, कुणाचा गुडघा. एकमत झालं ते एकाच गोष्टीवर, की घळीच्या मधोमध जी अरुंद जागा आहे, तिच्यातून वर्ल जाणार नाही.

वर्लने उभा जन्म शाळेची बस चालवली होती. कुठून काय जातं आणि काय जात नाही, हे त्याला कुणी शिकवावं?

"मी जातो की नाही ते मीच बघतो," तो आर्लेटाला म्हणाला.

"बघ ना. पण जाकीट घालून बघ," बायको पर्स शोधत म्हणाली. "थंडीत काय बनियनवर जाणारेस?" आणि ती गोधड्या शिवायला चर्चमध्ये निघून गेली.

वर्लने गॅरेजमध्ये घळ उभारली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला हरणाच्या मटणाने गच्च भरलेला उभा फ्रीझर, लमारने सांगितलं होतं तेवढंच अंतर ठेवून. मग पिसांचं जाडजूड जाकीट चढवलं, पाठीला कॅमेऱ्याची तिपाई बांधली, पोट आत ओढलं आणि आडवा होऊन शिरला.

अर्ध्यापर्यंत मोठ्या दिमाखात गेला. तिथे त्याने विजयाचा श्वास घेतला, आणि तिथेच चुकलं. जाकीट फुगलं. तिपाईचा एक पाय सुटून फ्रीझरमागे अडकला. आता पुढेही जाता येईना, मागेही येता येईना.

नशिबाने घरातला बिनतारी फोन जाकिटाच्या खिशात होता. दोन बोटांनी त्याने कसाबसा मंडळाच्या चिटणीस नॉर्मा एस्प्लिनचा नंबर फिरवला. तिचं घर जवळ होतं.

"नॉर्मा, अगं मी घळीत अडकलोय! हात हलत नाहीत. कुणाला तरी घेऊन लवकर..."

इथे फोनची बॅटरी संपली.

आपण हिला गॅरेजचं बोललोच नाही, हे वर्लच्या ध्यानातही आलं नाही. येईलच ती, म्हणून तो फ्रीझरला गाल लावून निवांत उभा राहिला.

थोड्या वेळाने फळीवरचा रेडिओ खरखरला. वर्ल गावाच्या बचाव पथकातही होता, त्यामुळे तो रेडिओ कायम चालू असे.

"सगळ्यांनी कावळघळीकडे निघा! आत माणूस अडकलाय. वयस्कर आहे, एकटाच गेलाय."

"अरे देवा!" वर्ल कळवळला. "कोण हा मूर्ख? या थंडीत एकटाच?"

"नाव काय त्याचं?" रेडिओवर कुणीतरी विचारलं.

"नाव इथे नको," लमारचा आवाज आला. "घरचे ऐकत असतील. बिचारी बाई."

वर्लला त्या बिचाऱ्या बाईची फार दया आली. शिवाय नॉर्मा का येत नाही, तेही उमगलं. ती तिकडेच धावली असणार, आणि ते बरोबरच होतं. तिकडे जीव जातोय आणि आपण इथे मटणाला टेकून उभे! या विचाराने त्याच्या अंगात बळ आलं. हनुवटीने आणि दातांनी त्याने जाकिटाची चेन खाली ओढली, गुडघे वाकवले, आणि केळं सालीतून निसटावं तसा खाली निसटला. जाकीट उभंच राहिलं.

ते सोडवत बसायला वेळ कुठे होता? स्वेटरवरच तो गाडीत बसला.

घळीच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती. गोधडीवाल्या बायका जमल्या होत्या. मयताच्या घरी नेतात ते चीजचे बटाटे एकीने आणलेही होते. वर्लने मान खाली घालून पथकाचा टोप डोक्यावर चढवला आणि कुणाला न विचारता थेट आत शिरला. स्वेटरवर तो इतका सुळकन गेला की अरुंद जागा कधी आली, तेही त्याला कळलं नाही. कळलं ते समोर लमार दिसला म्हणून. पथकाचं जाड जाकीट घातलेला लमार दोन भिंतींमध्ये बुचासारखा बसला होता. त्याच्यापलीकडे नॉर्मा आणि मंडळाची बाकीची मंडळी खोळंबली होती. ती सगळी घळीच्या वरच्या तोंडातून उतरली होती.

"हा घ्या, सापडला!" वर्ल ओरडला. "लमार, अरे तू एकटा कशाला आलास?"

लमारने डोळे फाडले. "वर्ल? तू... तू सुटलास?"

"मी मघाशीच सुटलो. पण तुला कुणी सांगितलं?"

"तुला शोधायलाच आलोय ना आम्ही!"

"मला? मी तर गॅरेजमध्ये होतो!"

"गॅरेजमध्ये काय करत होतास?"

"अडकलो होतो."

"कुठे?"

"घळीत!"

यातून कुणालाच काही उमगेना. तेवढ्यात मागून आर्लेटा आली. तिने आधी नवऱ्याला मिठी मारली, मग पाठीत धपाटा घातला.

"त्या बटाट्यांकडे बघून मी रडले रे! आणि जाकीट कुठाय?"

"ते अजून अडकलंय."

सूर्य कलला होता. वरच्या फटीतून ऊन आत सांडलं, एका भिंतीवरून दुसरीवर उतरत गेलं, आणि सगळी घळ आतून पेटल्यासारखी लाल झाली. नॉर्माचा चेहरा, आर्लेटाचे ओले गाल, दगडाच्या लाटा, सगळं सोन्यासारखं उजळलं. इतक्या वर्षांत असा प्रकाश कुणी पाहिला नव्हता.

"मंडळातले सगळे हजर आहेत," नॉर्मा पुटपुटली. "आणि कॅमेरा एकाकडेही नाही."

सगळे माना वर करून नुसते बघत राहिले.

"वर्ल," शेवटी लमार दबक्या आवाजात म्हणाला, "मला आधी बाहेर काढ ना."

"काढतो रे," वर्ल वर लागलेली नजर न हलवता म्हणाला. "जरा हलू नकोस. तुझ्यावर ऊन फार छान पडलंय."