नानांचं मेडिकल बोर्ड

आमच्या शेजारच्या विशेनानांना कुणी ‘बरं आहे’ म्हटलेलं खपत नसे. वाशिंदच्या आमच्या आळीत कुणी सहज तसं म्हणालं, की ते लगेच अडवत. "असं नाय. नीट सांग. कुठं दुखतं, कधी दुखतं?" त्यामुळे लोक त्यांच्या ओट्यासमोरून जरा घाईनेच जात.

ही सवय नोकरीतली. नाना जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत कारकून होते. जखमी पोलिसांना मेडिकल बोर्डापुढे पाठवायचं काम त्यांच्याकडे. बोर्डाने अनफिट ठरवलं तर घरी बसून पेन्शन. फिट ठरवलं तर पुन्हा बंदोबस्त. पण पोलीस बोर्डापुढेही पोलीसच राहतो. डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं, की टाचा जुळतात आणि तोंडातून निघतं, "ठीक आहे, साहेब." एकाने तर अधू हाताने कडक सॅल्यूट ठोकला. झाला फिट.

तेव्हापासून नाना बोर्डापुढे जाणाऱ्यांची ओट्यावर तालीम घेऊ लागले, अगदी निवृत्त झाल्यावरही. मी कॉलेजात जायला लागलो त्या वर्षी मुरबाडचे हरड हवालदार आले. जीप उलटून त्यांची कंबर गेली होती. एकदा फिट ठरले होते आणि रोज उभं राहून ड्यूटी करत होते. आता पुन्हा बोर्ड होतं.

नानांनी काकूंचा चष्मा नाकावर चढवला. काकू, म्हणजे त्यांची बायको, आदल्या वर्षी गेल्या होत्या.

"मी डॉक्टर. कसं आहे, हरड?"

"ठीक आहे, साहेब."

"मग जावा घाटात, उभे राहा पावसात."

"सवय हाय हो, नाना."

"दुखतं म्हणायला लाज वाटते? बायकोला काय सांगता?"

"तिलापण ठीकच सांगतो."

"हे बोर्डासमोर चालणार नाय. पुन्हा."

संध्याकाळपर्यंत हेच चाललं; आमच्या ओट्यावर आईला आणि मला सगळं ऐकू येत होतं. शेवटी हरड खाली बघत म्हणाले, "वाकून बूट घालता येत नाय, साहेब. पोरगी घालते."

नाना बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

हरड अनफिट ठरले आणि पिशवीभर वाल घेऊन आले. नानांनी ती पिशवी आमच्याकडे दिली. आईने बिरडं केलं आणि आम्ही दोघं ते द्यायला गेलो. नाना अंधारात ओट्यावर बसले होते.

"कसं हाय, नाना?" आईने विचारलं.

नाना ताठ झाले. "ठीक आहे."

आईने वाटी खाली ठेवली. "हे बोर्डासमोर चालणार नाय. पुन्हा सांगा."

मला वाटलं, ते हसतील. त्यांनी खिशातला काकूंचा चष्मा चाचपला.

"दिवेलागणीला दुखतं," ते म्हणाले. "बाकी दिवस जातो."